शाळेचे क्रीडांगण आणि कडेला बसलेली मुले

कोल्हापूरकरांस खेळाचे महत्त्व पटवून देण्यासाठी लेखणी उचलावी लागत नाही. ज्या नगरीत तालीम हा शब्द शाळा ह्या शब्दाइतकाच घरोघरी बोलला जातो, जेथे खासबागेतील कुस्तीच्या निकालावर दुकानांच्या पायऱ्यांवर बसून तासन्‌तास वाद रंगतात आणि फुटबॉलच्या हंगामात पेठापेठांतून संघांची निशाणे फडकतात, त्या नगरीस ‘मुलांना खेळू द्या’ असा उपदेश करणे म्हणजे पंचगंगेच्या काठी पाणपोई घालण्यासारखे आहे. तरीही हा विषय आज आम्ही हाती घेतला आहे, तो एका निराळ्या कारणासाठी. मुलांनी खेळावे ह्याविषयी आपले एकमत आहे. परंतु कोणत्या मुलांनी खेळावे, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

प्राथमिक शाळेच्या खेळाच्या तासाचे जे चित्र राजारामपुरीतील आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाहण्यात असेल, ते असे. शिट्टी वाजते. शहराच्या स्पर्धेत ज्यांस उतरवावयाचे ती दहाबारा मुले मैदानात जातात. उरलेली तीसचाळीस मुले भिंतीच्या सावलीत बसतात. त्यांतला कोणी खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळतो, कोणी रस्त्यावर गेलेला चेंडू आणून देतो, कोणी टाळ्या वाजवितो. एखादी मुलगी दोन वेळा ‘मला पण घ्या’ म्हणते. तिसऱ्या वेळी ती म्हणत नाही. तास संपतो, आणि वेळापत्रकाच्या हिशेबी मात्र खेळाचा तास सर्व वर्गाचा झालेला असतो.

हे चित्र कोणा एका शाळेचे नव्हे, व कोणा एका गुरुजींच्या दोषाने ते निर्माण झालेले नाही. गुरुजींच्या गळ्यात शिट्टी अडकविणारे आपणच. ढाल आणली की वाहवा करणारे आपण, आणि न आणली तर ‘ह्या शाळेत खेळाचे काही नाही’ असे म्हणणारेही आपणच. शाळेच्या क्रीडाविषयक कर्तृत्वाचे माप आपण कपाटातील चषकांवरून घेतो, पटावरील मुलांवरून घेत नाही. ज्या मापाने मोजावे तसा माल तयार होतो, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आता मूळ तत्त्वाचा विचार करू. तत्कालीन कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि जो पालक मुलास शाळेत धाडणार नाही त्याच्यावर दंड बसविला. १९१९ साली त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस इतरांबरोबर एकाच शाळेत बसविण्याची आज्ञा दिली. ह्या दोन्ही निर्णयांचा अर्थ एकच होता: प्राथमिक शाळा ही निवडीची जागा नव्हे. तेथे हुशार मुलास बोलवावे व मंद मुलास परत पाठवावे, श्रीमंतास पुढचा पाट व गरिबास उंबरठा द्यावा, ही रीत त्या शाळेस मान्य नाही. जो येईल त्यास शिकवावयाचे, आणि जो येत नसेल त्यास आणावयाचे, हा तिचा धर्म आहे.

हे तत्त्व फळ्यापुरते आपण मान्य केले आहे. एखाद्या गुरुजींनी ‘वर्गातील अकरा मुलांस गणित उत्तम येते, ह्यासाठी गणिताच्या तासाला तेवढ्यांसच पाट्या मिळतील, बाकीच्यांनी बसून टाळ्या वाजवाव्या’ असा हुकूम काढला, तर राजारामपुरीच्या पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत गहजब उडेल. परंतु हाच हुकूम खेळाच्या तासास दररोज न काढता अंमलात येतो आणि कोणाच्या कपाळास आठी पडत नाही. गणित हे शिक्षण आणि खेळ ही मौज, अशी समजूत त्याच्या मुळाशी आहे. ती समजूतच चुकीची आहे. पळता येणे, तोल सांभाळणे, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, ह्या गोष्टी मुलास शिकवाव्या लागतात. त्या आपोआप येत नाहीत. आणि ज्यास त्या येत नाहीत त्यासच शिकविण्याची गरज अधिक.

कायदाही ह्याहून निराळे सांगत नाही. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे व प्रत्येक वर्गास आवश्यकतेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे, असे नमूद आहे. येथे ‘प्रत्येक वर्गास’ हे शब्द आहेत. ‘शाळेच्या संघास’ असे शब्द नाहीत. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३१ व्या कलमाने मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य केला आहे आणि तो करार भारताने १९९२ साली स्वीकारला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने दिवसास सरासरी एक तास तरी अंग हलवून घाम गाळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भिंतीच्या सावलीत बसलेल्या मुलाच्या वाट्यास ह्यातील किती मिनिटे येतात, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कायद्यात उणीव नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्याच परिशिष्टात शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही जेथे मुलांची संख्या शंभरावर आहे तेथे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा शिक्षक त्यात नाही. म्हणजे ज्या वयात शरीरास वळण लागावयाचे, त्या वयात ते काम वर्गशिक्षकाच्या उरल्यासुरल्या वेळावर सोपविले आहे. भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि कार्यालयीन माहितीचे तक्ते ह्यांतून त्या शिक्षकास किती वेळ उरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळी दहाबारा तरबेज मुलांच्या हाती चेंडू देणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. शिक्षकास दोष देण्यापूर्वी ही अडचण आपण समजून घेतली पाहिजे.

मुले मैदानातून बाहेर कशी पडतात, ह्याचाही विचार करावा. त्यांस कोणी हाकलून देत नाही. ती नकळत गळतात. पहिले कारण वयाचे. एकाच इयत्तेत नुकतीच सहा वर्षे पुरी केलेले मूल आणि सातव्या वाढदिवसास टेकलेले मूल शेजारी शेजारी बसते. ह्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. मोठे मूल उंच असते, जोरात पळते. आपण त्यास ‘गुणी खेळाडू’ म्हणतो आणि धाकट्यास ‘ह्याला जमत नाही’ असे म्हणतो. मग गुणी म्हटलेल्यास सराव मिळतो, न जमणाऱ्यास तो मिळत नाही, आणि तीन वर्षांनी आपले भाकीत खरे ठरते. ते आपणच खरे केलेले असते.

दुसरे कारण पैशाचे. संघात निवड झाली की बूट हवेत, वेगळा गणवेश हवा, जाण्यायेण्याचे भाडे हवे. ज्याचा बाप बाजारात हमाली करतो किंवा ज्याची आई चार घरी धुणीभांडी करते, ते मूल घरी हा खर्च सांगतच नाही. ‘मला खेळायचे नाही’ असे ते गुरुजींस सांगते, आणि गुरुजी ते खरे मानतात. शिक्षण पुरे करण्यास अडथळा होईल असा कोणताही आकार मुलाकडून घेऊ नये, हे वर सांगितलेल्या कायद्याचे वचन आहे. खेळ हा शिक्षणाचाच भाग असेल, तर बुटाच्या किमतीसाठी मैदानाबाहेर राहिलेले मूल हा त्या वचनाचा भंग आहे.

तिसरे कारण मुलींचे. चौथीपर्यंत मुलग्यांच्या बरोबरीने पळणारी मुलगी पाचवीसहावीत हळूहळू कडेला सरकते. घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे असते, ‘आता मोठी झालीस’ असे शेजारीण म्हणते, शाळेत कपडे बदलावयास आडोसा नसतो. आणि मैदान मुलग्यांनी आधीच व्यापलेले असते. वास्तविक ह्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० साली म्युनिक येथे नेमबाजीचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. त्यांच्या मिरवणुकीत फेटे बांधून नाचण्यास आपण तयार असतो. आपल्या गल्लीतील मुलीस संध्याकाळी एक तास मैदानात सोडण्यास मात्र कचरतो.

चौथे कारण व्यंगाचे. पाय अधू असलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलास खेळाच्या तासाला वर्गातच बसवून ठेवणे, ह्यास आपण दया समजतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातील सहभाग हा त्याचा हक्क ठरविला आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर ह्यांनी युद्धात जायबंदी झाल्यावर १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्यांस कोणी काठावर बसवून ठेवले असते, तर ती दया ठरली असती काय?

आणि पाचवे कारण, जे बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो, ते जातीचे. खेळात जातपात नसते असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु इतिहास सावध राहावयास सांगतो. चर्मकार कुळातील पालवणकर बाळू हे आपल्या काळातील थोर गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांस हवा होता. पण चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा, आणि तो मंडपाबाहेर. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे नायकत्व त्यांस कायमचे कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाले, तेव्हा १९२३ साल उजाडले होते. गुण दाखविला म्हणजे दार उघडते हे खरे. पण ज्यास असामान्य गुण दाखविल्यावाचून दारात उभे राहता येत नाही, त्यास समान वागणूक मिळाली असे कसे म्हणावे? सामान्य मुलासही सामान्य राहून खेळता आले पाहिजे. समतेची खरी कसोटी तेथे आहे.

ह्यावर एक आक्षेप हटकून घेतला जाईल. ‘सगळ्यांस खेळवीत बसलो तर अव्वल खेळाडू निघणार कसे? लहानपणीच निवडून घडवावे लागते.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्यास आपल्याच शहरातील उत्तर देतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव येथील राजाराम महाविद्यालयात शिकत होते. वार्षिक क्रीडामेळाव्यात कुस्ती खेळण्याची त्यांची इच्छा होती, परंतु त्यांची लहानखुरी चण पाहून त्यांस प्रथम नकार मिळाला, आणि प्राचार्यांनी परवानगी दिली तेव्हा ते आखाड्यात उतरले, अशी आठवण सांगितली जाते. हेच खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर ह्यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण ठेवले, हे सर्वश्रुत आहे. आपण त्या गहाणखताची कथा अभिमानाने सांगतो. पण तिच्या आधीची, दार उघडण्याची कथा विसरतो. पाहताक्षणी केलेल्या निवडीवर सारे सोडले असते, तर घर गहाण ठेवण्याची वेळच आली नसती. पुढे २०२४ साली पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हेही राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीसारख्या लहान गावचे. कोणत्या अंगणातून कोण निघेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच अंगण मोठे ठेवावयाचे असते.

परदेशचा दाखला हवा असेल तर नॉर्वेचा घ्यावा. लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. तेथील क्रीडासंघटनेने १९८७ साली मुलांच्या खेळाविषयी नियम केले आणि २००७ साली मुलांचे खेळातील हक्क नमूद केले. अकरा वर्षांच्या आतील मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते व क्रमवाऱ्या तेथे लावीत नाहीत. मुलाने अनेक खेळ खेळावे, मित्रांबरोबर खेळावे, आणि कोणी मागे राहू नये, ह्यावर भर. असा देश खेळात मागे पडला असेल असे वाटेल. परंतु २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके मिळवून तो सर्वांच्या पुढे राहिला, आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकांसह पुन्हा पहिला आला. बर्फ आणि संपत्ती ही त्याची अनुकूलता आहेच. पण सर्वांस खेळविल्याने खेळाची पातळी खालावते, हे म्हणणे त्याच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

तथापि ह्यासाठी नॉर्वेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या हुतूतूत हेच शहाणपण पूर्वीपासून आहे. जुन्या मंडळींस त्याचे तीन प्रकार आठवत असतील. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा उठून आत येतो. अमरमध्ये तर बाद झालेला बाहेर जातच नाही. गुण तेवढा मोजावा आणि खेळ चालू ठेवावा. आजच्या कबड्डीने ह्यातील संजीवनीची रीत उचलली, आणि त्याच खेळाने जगभर नाव काढले. आमच्या प्राथमिक शाळांतून मात्र अजून गामिनी चालली आहे. पहिलीत एकदा बाद झालेले मूल चौथीपर्यंत उठत नाही. ज्यास सरावाची सर्वांत अधिक गरज, तेच सर्वांत अधिक वेळ बसून राहते.

जागेची अडचण आम्हांस मान्य आहे. राजारामपुरीची वसाहत आखीव. क्रमांकांच्या सरळ गल्ल्या, मोकळी आवारे अशी ती वसली. आज मुख्य रस्त्यास दुकानांची रांग आहे, गल्लीत दुतर्फा वाहने उभी आहेत, आणि जेथे मुले विटीदांडू खेळत तेथे चेंडू टाकावयासही जागा नाही. म्हणूनच शाळेचे आवार अधिक मोलाचे. परंतु लंगडी, लगोरी, खो-खो, आट्यापाट्या, दोरीवरच्या उड्या ह्यांस फुटबॉलचे मैदान लागत नाही. चाळीस मुलांचे पाच गट करून लहान आवारातही एकाच वेळी सर्वांस खेळविता येते. जागा अपुरी आहे, म्हणून तर वाटणी न्यायाची हवी. घरात भाकरी कमी असली म्हणजे आई ती एकाच मुलास देत नाही.

तेव्हा आमच्या सूचना अशा. शाळांनी पाचवीपर्यंत खेळाचा तास हा संघाच्या सरावासाठी वापरू नये. तो सराव तासाबाहेर घ्यावा. खेळाच्या तासास प्रत्येक मुलाचा हात चेंडूस लागलाच पाहिजे, हा नियम ठेवावा. वार्षिक क्रीडादिनी प्रत्येक मूल निदान एका खेळात उतरावे आणि पाहुण्यांच्या भाषणांस त्याहून कमी वेळ द्यावा. बाद झालेल्या मुलास परत आत घेणारे खेळ निवडावे.

पालकांनी आपला अधिकार ओळखावा. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. समितीच्या पुढील बैठकीत एकच प्रश्न विचारावा: ‘गेल्या महिन्यात खेळाच्या तासास किती मुले खेळली आणि किती बसली?’ ह्या प्रश्नास पैसा लागत नाही, आणि त्याचे उत्तर पुष्कळ काही बदलू शकते.

आमच्या व्यापारी बंधूंस विशेष विनंती आहे. उत्सवासाठी, मिरवणुकीसाठी, स्पर्धेच्या चषकासाठी आपला हात नेहमीच सैल असतो. त्याबद्दल शहर आपले ऋणी आहे. परंतु एका मोठ्या चषकाच्या किमतीत वीसपंचवीस चेंडू व तितक्याच दोऱ्या येतात. चषकावर आपले नाव कोरले जाते आणि तो कपाटात बसतो. चेंडूवर नाव राहत नाही, पण तो रोज चाळीस मुलांच्या हातांतून फिरतो. ज्या मुलास बूट नाहीत त्यास ते द्यावे, आणि देताना चारचौघांत छायाचित्र काढू नये. तालमींनीही आठवड्यातून काही वेळ गल्लीतील लहान मुलामुलींसाठी राखून ठेवावा. महानगरपालिकेने शाळेचे आवार शाळेच्या वेळात मांडवास किंवा वाहनांस देऊ नये, आणि प्राथमिक वर्गांसाठी, निदान अनेक शाळांमिळून एक, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नेमण्याचा विचार करावा.

शाहू महाराजांनी १९१२ साली पुरे केलेल्या खासबागेची रचना आमच्या वाचकांनी पाहिलेलीच आहे. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणाऱ्या बैठकी. कोठेही बसा, कुस्ती दिसते. हजारोंनी जमणाऱ्या रयतेतील शेवटच्या माणसासही ती दिसावी, ही दृष्टी त्या बांधकामामागे होती. मोठ्यांच्या मैदानात प्रेक्षक असणे योग्यच आहे. परंतु सातआठ वर्षांच्या मुलास प्रेक्षक करणे योग्य नाही. भिंतीच्या सावलीत बसलेली ती मुलगी तिसऱ्या वेळीही ‘मला घ्या’ म्हणेल, इतका विश्वास तिला वाटावा, एवढेच आमचे मागणे आहे. आणि ते पुरे करणे राजारामपुरीच्या हाती आहे.